ओल्या फरशीबाबत अखेरची व्यवस्था

हे मृत्युपत्र लिहायला तीन आठवड्यांपूर्वीच बसलो होतो. पण आधी पेन सापडेना, मग पेनाबरोबर जुना नकाशा सापडला, आणि त्यातल्या एका घाटरस्त्यावरून मनानं परत यायला बराच वेळ गेला. उद्या सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अगदी किरकोळ. तेव्हापासून झोप उडाली आहे. तर लिहितो.

मी, वय वर्षे सत्तावीस, राहणार हल्ली एकाच ठिकाणी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय जाहीर करतो की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं.

कलम एक. आत्यानं मला दिलेल्या या दोन खोल्या थोरल्या ताईला मिळाव्यात. "तुझं घर म्हणजे पाठीवरची पिशवी," असं ती चारचौघांत म्हणाली होती. तिला माफ केलं आहे. मात्र खोल्या तिनं स्वतः येऊन बघाव्यात.

कलम दोन. मोटरसायकल गॅरेजवाल्याला. ब्रेक बघून घे, असं तो दोनदा म्हणाला होता. मी म्हणालो, परत आल्यावर. परत आलो ते रुग्णवाहिकेतून.

कलम तीन. तंबू भटकंतीतल्या मित्राला, लंब्याला. झोपायची पिशवी त्यानं परस्पर नेलीच आहे. तिच्यात तो मावत नाही, एवढंच समाधान.

कलम चार, आणि खरं मृत्युपत्र हेच. पाय निकामी झाल्यावर केर काढणं जमेना, म्हणून ताईनं फोनवरूनच कामाला मावशी ठरवून दिल्या. मला इतकी लाज वाटली की पहिल्या दिवशी त्या यायच्या आधी मी बसल्या बसल्या सरकत सगळं घर आवरलं.

मावशी दारातच थांबल्या. "मग मला कशाला बोलावलंत?"

"पसारा दिसू नये म्हणून."

"पसारा बघायचाच पगार घेते मी. उद्यापासून हात लावायचा नाही."

मी लावला. रोज, थोडाथोडा. गेल्या सोमवारी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, पुसायला वाकता येईना, आणि तेवढ्यात मावशी आत आल्या. घसरल्या. उजवं मनगट मोडलं. जाताना म्हणाल्या, "सांगितलं होतं ना रे तुला." अहो-जाहो तिथंच संपलं.

सबब, हात बरा होईपर्यंत त्यांचा पगार माझ्या बचतीतून चालू राहावा, मी असो वा नसो. परत यायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं. विचारण्यासाठी मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा हवामान बघून ठेवून दिला. घरात कोणी येणारं नसेल तर ऑपरेशननंतर कुलूप लावून ताईकडं जावं लागेल. आणि जन्मात पहिल्यांदाच मला कुठूनही निघायचं नाही.

स्थळ: दुसरा मजला, डावीकडचं दार.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा.
सही: केली आहे, वाकडी आली.
साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा शिंपी. वाचून म्हणाला, "कलम चार जरा आखूड करता आलं असतं."
साक्षीदार दुसरा:

इथं थांबावं लागलं. मावशींच्या सासूबाई जिना चढून आल्या आहेत. वय सत्तरीपुढं, हातात स्वतःचा झाडू. "सुनेचा हात बरा होईस्तोवर मी येणार. खुर्चीवरून उठलास तर बघ." सही करायला तयार आहेत, पण आधी कागद आणि पाय दोन्ही वर घे म्हणतात, खालून झाडायचं आहे.