खोली नंबर नऊ, पाहुणे वर्ज्य

२० जून १९५६, बुधवार. चिंचवड.

आज हॉस्टेलात दाखल. खोली नंबर नऊ. दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीखालची खाट मी घेतली. पार्टनर धर्माजी, उस्मानाबादकडचा. फारसा बोलत नाही. अभ्यासाला असाच माणूस हवा.

रेक्टर अर्जुनराव यांनी सगळ्यांना उभं करून नियम वाचले. एकंदर अकरा. सातवा असा की बाहेरच्या माणसाला खोलीत मुक्कामाला ठेवायचं नाही. तीनदा सापडलं की सीट गेली. आमच्यामागं वेटिंग लिस्टवर अकरा नावं आहेत म्हणे. सीट गेली तर माझं कॉलेजही गेलंच. चाकणच्या पुढं पाच मैलांवरून रोज पुण्याला कोण जाणार? नियम मला फार आवडला. शिस्तीशिवाय विद्या नाही.

आमच्या गावातून कॉलेजात जाणारा मी पहिला. काल चावडीवर निरोप समारंभ झाला. नारळ, टोपी, हार. मी पंधरा मिनिटं भाषण केलं. शेवटचं वाक्य आयत्या वेळी सुचलं: माझी खोली ती माझी नाही, ती अख्ख्या गावाची खोली, कोणीही केव्हाही यावं. टाळ्या थांबेनात. वडील, म्हणजे आमचे आबा, मागं खांबाला टेकून उभे होते. ते तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना वक्तृत्वातलं कळत नाही.

टाइमटेबल तयार केलं. पहाटे साडेचारला उठणे. डिक्शनरीतले वीस शब्द. सूर्यनमस्कार पंचवीस.

२१ जून, सकाळी साडेसात.

आत्ताच उठलो. नव्या जागेत पहिली झोप मोजायची नसते. पुण्याची गाडी चुकली. उद्यापासून.

२४ जून, रविवार.

सोपानकाका आणि त्यांचा सोनबा आले. पिंपरीला नवा कारखाना झालाय, तिथं भरती चालू आहे, सकाळी उजाडताना गेटवर उभं राहिलं तरच नाव लिहून घेतात, आणि गावाकडून तेवढ्या पहाटे यायला एसटी नाही. म्हणून माझ्याकडे. काका म्हणाले, दोनच दिस, सोमवार आन् मंगळवार.

मी सातवा नियम सांगणार होतो. पण काकांनी आल्या आल्या पागोटं माझ्या खुंटीला अडकवलं. एकदा पागोटं अडकवल्यावर माणसाला नियम सांगणं बरं दिसत नाही. सवडीनं सांगेन.

काका माझ्या खाटेवर, सोनबा मधल्या जागेत, मी दाराशी. जमिनीवर झोपल्यानं पाठीचा कणा सरळ राहतो असं वाचलंय.

२८ जून.

दोघंही इथंच. गेटवरच्या कारकुनानं सोमवारी या म्हणून सांगितलंय. मग जाऊन परत येण्यात काय अर्थ, असं काका म्हणाले. तर्कशुद्ध बोलणं. माझं काही चाललं नाही.

आज सकाळी काका नळावर दात घासत असताना रेक्टर समोर आले. काकांनी त्यांना गाव विचारलं, मग भावकी, मग मामाचं गाव, आणि दहा मिनिटांत रेक्टरांच्या मेव्हणीच्या दिराशी आपली सोयरीक जुळते हे सिद्ध केलं. मला वाटलं, सुटलो. रेक्टरांनी काकांना नमस्कार केला, आत गेले, आणि वहीत माझ्या नावापुढं पहिली फुली मारली.

नातं आणि कायदा यांत फरक करणारा माणूस. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

१ जुलै.

नकाराचा मसुदा तयार केला. एकूण पाच मुद्दे. (१) प्रेम (२) नियम (३) माझी अगतिकता (४) देशाला शिकलेल्या माणसांची गरज (५) दिलगिरी. आरशासमोर दोनदा म्हटला. धर्माजी म्हणाला, चांगला आहे, पण पहिल्या मुद्द्यावरच माणूस आत येऊन बसेल. त्याला रचना समजली नाही.

८ जुलै, रविवार.

मसुद्याचा पहिला प्रयोग. गावचा दत्तोबा बैलगाडी घेऊन आला. कांद्याची पाच पोती. पुण्याला न्यायची होती, पण गाडीचं चाक ढिलं झालंय, पोती दोन दिस तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, म्हणाला. मी मसुदा सुरू केला. प्रेमाच्या मुद्द्यावर त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत तीन पोती आत आली होती.

तरी मी नियमातली फट अचूक हेरली आहे. सातवा नियम माणसांविषयी आहे. कांद्यांविषयी त्यात अवाक्षर नाही.

१२ जुलै.

खोलीला वास येतो. धर्माजी खिडकीत तोंड घालून बसतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, अभ्यास करायलोय. काका आणि सोनबा अजून आहेत, पण रेक्टरांची फेरी असली की गॅलरीत फिरायला जातात, त्यामुळं कायद्यानं ते पाहुणे नसून फिरायला आलेले गृहस्थ आहेत. आज लेक्चरला डोळा लागला. प्रोफेसरांनी उठवून प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, दोनच दिवस आहेत. वर्ग हसला. शहरी मुलांना हसायला काहीही पुरतं.

१५ जुलै, रविवार.

पुनावळ्याची पुतळाआत्या आली. डोळे दाखवायचेत, पुण्याला डॉक्टर मंगळवारी बघतो, म्हणून रविवारीच निघाली. उशीर नको! मुलांच्या हॉस्टेलात बाईमाणूस. मी मसुदा बाजूला ठेवून सरळ सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं तेवढ्यात तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, कसा वाळलास रं, खायला घालत्यात का न्हाई?

तासाभरात तिनं मागच्या आवारात तीन दगड मांडले, दत्तोबाच्या कांद्याचा झुणका केला, भाकरी बडवल्या. अख्खं हॉस्टेल रांगेत. धर्माजीनं पाच भाकरी खाल्ल्या आणि पहिल्यांदाच आपल्या आईविषयी बोलला. धुरामुळं रेक्टर आले. आत्यानं त्यांनाही वाढलं. ते उभ्यानं जेवले, हात धुतले, झुणका चांगला झालाय म्हणाले आणि दुसरी फुली मारली.

आत्याला रात्रीपुरतं शेजारच्या शालनबाईंकडे सोडलं. त्या एकट्या राहतात, हो म्हणाल्या. तरी फुली ती फुलीच.

२२ जुलै, रविवार.

आनंदाची बातमी. सोनबाला कारखान्यात घेतलं! यात माझा वाटा किती, हे मी बोलून दाखवणार नाही. काका आणि तो आज गावी गेले. आत्या गुरुवारीच चष्मा लावून गेली. खोलीत धर्माजी, मी आणि कांदे. टाइमटेबल नव्यानं आखलं. बुडालेला महिना भरून काढायला डिक्शनरीतले शब्द आता रोज साठ.

२९ जुलै, रविवार.

काकांनी गावात पेढे वाटले आणि सांगितलं की सयाजीच्या खोलीचा गुण आहे, तिथनं निघालेला माणूस गेटवरनं हात हलवीत परत येत न्हाई. परिणामी पाच जण आले. पाचही तरणेबांड, पाचांनाही कारखान्यात जायचंय. त्यातल्या दोघांना मी नीटसा ओळखतही नाही. त्यांनी माझं चावडीवरचं भाषण शब्द न् शब्द म्हणून दाखवलं. स्वतःचेच शब्द परत ऐकले की माणसाला बोलता येत नाही.

मी मसुदा काढला. म्हणाले, वाच की. वाचला. त्यांनी शांतपणे ऐकला, चौथ्या मुद्द्याला मान डोलावली, आणि अंथरुणं पसरली.

खाटेवर दोघं, खाटेखाली कांदे, बाकीचे तिघं आडवे. मी टेबलावर बसून. धर्माजी उशी घेऊन गॅलरीत गेला. मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, ठीक आहे. ठीक नव्हतं.

२ ऑगस्ट.

रेक्टरांनी ऑफिसात बोलावलं. तिसरी फुली समोर मारली. सीट रद्द करायचा कागद लिहून तयार होता, फक्त सही बाकी. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले की तुम्ही वाईट नाही, तुम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि असल्या मुलाचं शिक्षण होत नाही असा माझा अनुभव आहे. बारा तारखेपर्यंत पाहतो. एक जरी माणूस दिसला तर सही.

पाचही जण ऐकून लगेच गेले. चांगली पोरं. जाताना टेबल पुसून गेली. पण रविवारी आणखी येणार, मला माहीत आहे. मी आज खरंच घाबरलो आहे.

४ ऑगस्ट. संध्याकाळ.

उपाय सापडला. सोपा आहे. नाही म्हणायचं काम माझं नाहीच. ज्याचं गावाशी नातं नाही त्यानं ते करावं. उद्या मी दिवसभर पुण्याला लायब्ररीत बसणार. दारावर पाटी लावली: पाहुणे वर्ज्य. धर्माजीला सूचना लिहून दिल्या. चाकणकडचा जो कोणी येईल त्याला सांगायचं की सयाजी नाही, मुक्कामाची परवानगी नाही, खोलीत बसताही येणार नाही. नाव विचारायचं नाही. नाव कळलं की माणूस विरघळतो.

धर्माजीनं विचारलं, कोणीही? मी म्हणालो, ब्रह्मदेव आला तरी.

५ ऑगस्ट, रविवार.

विजय! धर्माजीनं दोघांना परतवून लावलं. एक दत्तोबा. त्यानं आरडाओरडा केला, मग स्वतःची पोती गाडीत घातली आणि गेला. म्हणजे कांदेही सुटले.

दुसऱ्याचं नाव सूचनेप्रमाणे विचारलं नाही. म्हातारासा होता म्हणे. दुपारच्या एसटीनं आला. धर्माजीनं मी लिहून दिलेलं सगळं वाचून दाखवलं. त्यानं वाद घातला नाही. पायरीवर टेकला, प्यायला पाणी मागितलं. मग सयाजीची खाट कोणती असं विचारलं. धर्माजीनं उंबऱ्यातूनच दाखवली. म्हातारा थोडा वेळ बघत राहिला आणि बरं हाय म्हणून गेला. धर्माजीला वाईट वाटलेलं दिसलं. मी त्याला समजावलं की हा वाद न घालणारा प्रकारच सगळ्यांत धोक्याचा. असा माणूस एकदा आत आला की महिनाभर हलत नाही.

आज खाटेवर पाय पसरून झोपणार.

१२ ऑगस्ट, रविवार.

कोणी म्हणजे कोणी आलं नाही. एका रविवारच्या कडक धोरणानं अख्ख्या गावाला शिस्त लागली. पाच मुद्द्यांत जे जमलं नाही ते एका पाटीनं केलं.

रेक्टरांनी माझ्यासमोर कागद फाडला. सीट कायम. म्हणाले, शिकलात. मी नम्रपणे मान खाली घातली. नाही म्हणण्याच्या कलेवर एखादा लेख लिहावा असं मनात आहे. बुधवारची सुट्टी आहे, गावी जाऊन बातमी स्वतः सांगतो.

१५ ऑगस्ट, बुधवार. गाव.

लिहू की नको, असं झालंय.

घरी पोचलो. आईनं पायावर पाणी घातलं आणि पहिलं हेच विचारलं की जमिनीवर निजून पाठ धरली का रं? मला समजेना. मग ती बोलत गेली. काकांकडून तिला कळलं होतं की पाहुण्यांपायी मी खाली झोपतो. आबांच्या जिवाला ते लागलं. पाच तारखेच्या रविवारी ते चाकणपर्यंत चालत गेले आणि तिथून एसटीनं चिंचवडला, पोराचं कसं चाललंय ते एकदा डोळ्यांनी बघून यायला. सोमवारी सकाळी परत आले आणि तसेच चावडीवर गेले. सगळ्यांना सांगितलं की मी पोराच्या खोलीवर वस्तीला ऱ्हायलो, त्यानं मला खाटंवर निजवलं आन् सोता खाली निजला, तिथं एकाचीच जागा हाय, आता कोणी जायाचं न्हाई, त्याला शिकू द्या. म्हणून गेल्या रविवारी कोणी आलं नव्हतं.

आई हे कौतुकानं सांगत होती. तिलाही त्यांनी तेच सांगितलंय.

ती रात्र ते कुठं राहिले, मला माहीत नाही.

संध्याकाळी आबांबरोबर चावडीवर गेलो. मी मागंच राहणार होतो, पण त्यांनी बोलावून शेजारी बसवलं. काका म्हणाले, बापाला खाटंवर निजवलंस, लई चांगलं केलंस. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा जमिनीकडं बघत होते. मी हो म्हणालो. नाही म्हणायची हीच वेळ होती. तेही जमलं नाही.

घरी येताना ते पुढं, मी मागं. शेवटी तेच बोलले. म्हणाले की खाट उजेडात हाय, वाचायला बरी. मग थोडं चालून विचारलं की ते तुझ्या खोलीतलं पोर लई बारीक दिसतंय, पोटभर जेवतं का?

जेवतो म्हणालो.

सीट कायम झाल्याचं सांगायचं राहून गेलं.