जमीन आहे ना, बघून घेते

प्रिय आई,

त्या दिवशी तू आधी पाय लावून बघितलंस का?

मला माहीत नाही. आज कोर्टात दुकानाच्या वकिलांनी मला नेमकं हेच विचारलं आणि मी हेच उत्तर दिलं. साक्ष देऊन घरी आल्यापासून वाटतंय, जिला ठाऊक आहे तिलाच विचारावं. म्हणून लिहायला बसले.

तू कामाचं घरी फारसं बोलायची नाहीस. साड्यांचं मोठं दुकान, चौथ्या मजल्यावर फॉल-पिको, सोबतच्या बायका चांगल्या आहेत, एवढंच. जिन्यावर खोकी रचलेली असतात, म्हणून तुम्ही सगळ्या मालाच्या लिफ्टने जा-ये करता, हे आम्हाला तू गेल्यावर कळलं. तिचं दार आत लिफ्ट नसतानाही उघडतं, हेही तेव्हाच. का नाही सांगितलंस गं?

पण तुझा पाय सांगत होता. न्हाणीघरात जाताना, मागच्या दारातून बाहेर पडताना तू उंबऱ्यापाशी थबकायचीस. उजवं पाऊल पुढे करून चवड्याने दोनदा ठोकायचीस, मगच पुढे जायचीस. बाबा एकदा म्हणाले, "अगं, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर आहे हे, तळमजला. पडून पडून पडशील कुठे?"

तू हसली नाहीस. "असू दे. जमीन आहे ना, बघून घेते."

मला वाटायचं, लिफ्ट बिघडलेली होती एवढं दाखवलं की झालं. आपल्या वकील मॅडमनी समजावलं, की यंत्रं बिघडतातच. मालकाला धोका माहीत होता, तो टाळता येत होता, तरी टाळला नाही आणि त्यामुळेच माणूस गेलं, हे सगळं दाखवावं लागतं. एक जरी निसटलं, तर हरलो. सगळ्यात अवघड म्हणजे 'माहीत होतं' हे दाखवणं. दुकानाने लिहून दिलं होतं, की लिफ्टबद्दल कधीच तक्रार नव्हती. तू गाठोडं ओढत उलटी चालत लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात गेलीस, चूक तुझीच. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या कमला दीदींनीही तेच लिहून दिलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना अजून तिथेच काम करायचंय.

मग कोर्टाने नेमलेले कमिशनर जागा बघायला आले. मॅडमबरोबर मीही गेले. लिफ्टला नवं दार, नवा दिवा, रंगाचा वास अजून येत होता. तुझं मशीन मात्र तसंच होतं, सुईत मोरपंखी दोरा ओवलेला. सुपरवायझर सगळीकडे हात दाखवत "सब ठीक है, सर" म्हणत होता. कमिशनर म्हणाले, चला, लिफ्टनेच खाली जाऊ.

बटण दाबायच्या आधीच लिफ्ट वर आली. कुणी बोलावली, कोण जाणे. दार उघडलं. आत लख्ख उजेड, पायाखाली घट्ट फळी, सगळ्यांना दिसत होती. सुपरवायझर पुढे झाला, थबकला आणि चवड्याने फळीवर दोनदा ठोकलं.

त्याच्यामागे कमला दीदींचं उजवं पाऊल जागच्या जागी पुढे आलं. मग बाकीच्या बायकांची. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मशीनं बंद होती आणि त्या खोलीत फक्त टक टक ऐकू येत होतं.

"ये क्या कर रहे हैं आप?" कमिशनरांनी विचारलं.

"आदत है, सर. यहाँ तो पहले दिन ही सिखा देते हैं."

म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. मॅडमनी हळूच सांगितलं, हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

मी खाली बघितलं, तर माझंही पाऊल पुढे आलेलं. आई, मी त्या लिफ्टमध्ये कधी चढलेच नव्हते!

मॅडमनी मला बजावलं होतं, की तुझी घरातली सवय आपणहून सांगू नकोस. ते म्हणतील, तिला धोका माहीत होता, तरी त्या दिवशी बघितलं नाही, आणि निम्मा दोष तिच्या माथी मारतील. आज सकाळी बाबाही म्हणाले, "वैजू, घरातली पहिली बी.ए. झालीस म्हणून कोर्टाला शिकवू नकोस. मॅडम म्हणतात तेवढंच बोल."

आणि 'माहीत नाही' एवढं पुरलंही असतं. दुकानाचे वकील खाली बसत होते. मला साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरता आलं असतं. पण तुझी सवय लपवून जिंकले, तर तू आयुष्यभर काय चाचपत होतीस हे कुणालाच कळणार नाही, नाही का?

वचन देते, निकाल काहीही लागो, दोषाचा वाटा तुझ्या नावावर चढला तरी, तुझ्याबद्दलची एकही खरी गोष्ट मी गिळणार नाही. मी तिथेच उभी राहिले. जजसाहेबांना म्हटलं, मला अजून एक सांगायचंय. माझी आई घरीसुद्धा, तळमजल्यावरसुद्धा, आधी पाय लावून बघायची. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, कसा? मी पाऊल पुढे केलं आणि दोनदा ठोकून दाखवलं.

तुझी,
वैजू