आत्याच्या गळ्यातली चावी

वडपे, रविवार संध्याकाळ

नखांतली हळद अजून गेलेली नाही, पण हे आत्ताच लिहून ठेवते.

आत्या दर रविवारी रेंजवर रायफल चालवते. घरी आली की स्वतः साफ करते, रिकामी आहे हे माहीत असूनही पुन्हा तपासते आणि लोखंडी कपाटात बंद करते. चावी काळ्या दोऱ्यात, गळ्यात. तिच्यामुळे मलाही हा नाद लागलाय. लायसन मिळालं की कुठली रायफल घ्यावी, डोक्यात दुसरं काही नाही.

आज चुलतभावाची हळद होती. बँजो रंगात आला आणि काका, म्हणजे नवरदेवाचे वडील, भर मांडवात आत्याला म्हणाले, "ताई, रायफल आण. एकच बार उडव हवेत. पाव्हणे नाव काढतील!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या?

आत्या शांतपणे म्हणाली, "लायसन नेमबाजीचं हाय, मांडवाचं न्हाय. वर गेलेली गोळी कुणाच्या डोक्यावर उतरंल, सांगता येतं तुला?"

"भावाची लाज काढलीस," म्हणत काका तोंड फिरवून बसले. वाटलं, आता ही उठून घरी जाणार. उठली, पण नवरदेवाला हळद लावायला. मग रुसलेल्या काकांच्या गालालाही फासली. त्यांनीही रागारागात तिला माखलं. गळ्यातली चावीसुद्धा पिवळी झाली, पण कपाट उघडलं नाही. काय बाई आहे!

निघताना हळूच विचारलं, "आत्या, मी कुठली रायफल घेऊ?"

"आधी कपाट घे."