लुरिकचं अंथरूण

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सापाला अंथरूण कसलं घालायचं — सकाळपासून हाच घोर! नात वेनिंग शिकायला बांडुंगला गेली आणि आपलं अजगराचं पिल्लू, लुरिक, आमच्या पदरात टाकून गेली. मनगटाला वेढा घातला की कडंच. अंगावर अशी नक्षी, की माझ्या बायकोने, सुवार्निने, ऐन तरुणपणी बाटिकवर मेणाने काढलेली असावी!

सुवार्निला मात्र घरात साप नको. म्हणाली, "रविवारपर्यंत खाल्लं तर राहील. नाहीतर ज्याला हवा त्याला देऊन टाका."

बुधवार, ८ ऑक्टोबर

सुताराकडून सागाचा भुसा आणून लुरिकच्या पेटीत घातला. वर वाळ्याची मुळं पसरली — आमच्या ठेवणीतल्या कपड्यांत असतात तीच. काय वास! डोळे मिटले तर मी चौथीच्या वर्गात, हाताची घडी, पाठ केलेली ओढ्याची कविता ओठांवर...

लुरिक कोपऱ्यात आखडून बसला. उंदराच्या पिल्लाला शिवलासुद्धा नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

फोनवर नातीने झापलं. "आजोबा, तो काय आजीचं लग्नातलं बाटिक आहे? वासाने जीव घुसमटतो त्याचा. काढा आधी!" भाताचं तूसही नको म्हणाली, तोंडात टोचतं. नारळाच्या सोडणाचा भुसा, जरासा ओलसर, बस्स.

परसातली सोडणं भिजवली, कुटली, चाळली. त्या तांबूस भुशात लुरिक उतरला — आवाज म्हणून नाही! ओढ्याच्या कवितेत शेवटच्या ओळीला गुरुजी आवाज हळूहळू खाली आणत, तसा. किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या दारात मिठाची रेघ! साप मीठ ओलांडत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे सुवार्निचा निर्णय झालेला दिसतो.

काल तंद्रीत पेटीचं झाकण उघडंच टाकलं होतं बहुतेक. सकाळी लागलेलं होतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

खाल्लं नाही. पण भुशात छान घर केलंय. नुसतं नाक बाहेर — किती देखणं नाक!

रविवार, १२ ऑक्टोबर

आजही नाही. शब्द तो शब्द. पेटी उचलून दाराशी आलो, तर उंबऱ्यावरही मीठ — आतल्या बाजूने. मागच्या दारी, मोरीच्या भोकाशी, सगळीकडे.

मागून सुवार्नि म्हणाली, "पुसलं जाईल ते, पाय जपून टाका. झाकण लावायचं तुम्हाला भान नसतं, आणि बाहेर मांजरं आहेत. ठेवा त्याला आत."