रुमालाखालचा भाव

बुधवार, संध्याकाळ

लॅपटॉप बघायला राजूरचे रशीदचाचा आल्ते. बैलांचे व्यापारी, पोरीसाठी हवाय. ‘ए’च्या बटनावरचं अक्षर पुसलेलं दिसताच म्हणाले, "बेटा, याचा तर दात पडलाय." मंग रुमालाखाली हात पुढं केला. बैलबाजारात असाच बोटं दाबून भाव ठरतो, तिसऱ्याला कळत न्हाई. मी हात दिलाच न्हाई. मोठ्यानं सांगितलं, "अकरा हजार. बॅटरी अर्धाच तास चालते, ते धरून."

आतून आमच्या ह्यांनी डोळे वटारले. बॅटरीचं कशाला सांगितलं? सांगणारच. पण त्या ‘ए’साठी एक रुपया कमी करणार न्हाई.

चाचा "सोचून सांगतो" म्हणून गेले. सोचा बिलकुल. दात पडला म्हणे! चार वर्षं लोकांचे अर्ज टाइप केलेत. पडला न्हाई, माझ्या बोटांनी झिजलाय.