टाकं आपलं, शब्द कुणाचा?

प्रिय बाबा,

तुम्ही समोर होतात तेव्हाही मी फारसं बोलायचो नाही. मग आता पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर सापडलंय. निदान अर्धं.

आठवतं? अंगणाखालच्या आपल्या पाण्याच्या टाक्याला आपला धाकटा सुनील नेहमी टँक म्हणायचा. "बाबा, टाका काय बोलता? टँक बोला. भाडेकरू हसतात."

"हसू दे! पानी आपला, टाका आपला, मंग शब्द सायबाचा कसा?"

"मग जा, सायबावर केस टाका!"

आई पदर तोंडाला लावून हसायची. पण तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

गेल्या आठवड्यात सुनीलने ठेकेदार आणला. टाकं बुजवून तिथे गाडी लावायची म्हणतो. पाणी आता थेट गच्चीवर चढतं, मग हे हवंय कशाला? त्याचंही चूक नाही. आपल्या शिरवणे गावच्या गल्लीत गाडी ठेवायला जागा आहे कुठे? ठेकेदार टँक-टँक करत टेपने मापं घेत होता आणि मला तुम्ही आठवत होता. दुसऱ्या दिवशी महाप्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो शब्द शोधला.

बाबा, तुम्ही बहुतेक बरोबर होता! इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडेच उचलला म्हणे, गुजराती-मराठी टाक्यावरून. पण पोर्तुगीजांकडेही जवळपास असाच शब्द होता, पाणी अडवणे या अर्थाचा. कुणाचा किती, हे जाणकारांनाही नक्की सांगता येत नाही.

आणि रणगाड्याला टँक का म्हणतात, ठाऊक आहे? पहिल्या महायुद्धात तो गुपचूप बनवत होते. कुणाला कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं, आणि तेच नाव चिकटलं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर केवढे हसला असतात!

तुम्ही गणपतीच्या आधी टाकं उपसायचात, तेव्हा तळाशी थोडं जुनं पाणी मुद्दाम ठेवायचात. "टाका कोरडा करू नये," एवढंच म्हणायचात. मग हळदकुंकू वाहून नवं पाणी त्यावर सोडायचात. का, ते कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. शब्दांचंही तसंच होत असेल का? जुन्यावर नवं पडत गेलं की कुठलं पाणी कुणाचं, कसं ओळखायचं?

एक तक्रार आहे. तुम्ही मला कधी खाली उतरू दिलं नाहीत. "तू हापिसवाला, तुजा काम वर." सुनीलला तर बोलावलंही नाहीत. मग त्याला ते टाकं म्हणजे नुसता खड्डा वाटला, तर नवल काय?

काल ठेकेदार पुन्हा आला. शब्दाची सगळी हकीकत सांगायची असं ठरवून मी बाहेर गेलो, पण ती सांगितलीच नाही. शब्द उद्या पोर्तुगीजांचा ठरला म्हणून काय टाकं बुजवायचं? मी एवढंच म्हणालो, "हे राहील."

सुनील बघतच राहिला. "आणि साफ कोन करनार? बाबा येनारेत?"

"मी करीन."

आई दारातून म्हणाली, "तुना जमंल रं?"

खरं सांगू? मला माहीत नाही. ठेकेदार टेप गुंडाळून गेला. रात्री जेवताना सुनील मान खाली घालून म्हणाला, "एकटा उतरू नको. मी वर उभा राहतो."

तेव्हा बाबा, हा माझा शब्द. गणपतीच्या आधी टाकं उपसेन, पण आदल्या दिवशीच झाकण उघडून हवा खेळू देईन, मगच आत उतरेन. तळाशी किती पाणी ठेवायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. अंदाजाने ठेवीन. आणि पुढच्या वर्षी मी वर उभा राहून सुनीलला खाली उतरवीन.

तुमचा,
रमेश