सातवं पातं

३ मार्च १९७८, व्हियाविसेन्सिओ
इबागेहून पोचलो एकदाचा! मेकॅनिकची नोकरी आणि वर राहायला खोली. विमान जुनं, मालवाहू. दोन गोल इंजिनं, प्रत्येकात चाकाच्या आऱ्यांसारखे चौदा सिलिंडर, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारे. खानावळ चालवणाऱ्या दोन्या नोएमींनी, म्हणजे नोएमीबाईंनी, काळी कॉफी आणि तांदळाचा पाव दिला. कप्तान लेओविखिल्दोने मात्र साधा हातही मिळवला नाही. इथे मेकॅनिक विमानासोबत उडतो. नट मी आवळणार आणि ढिला राहिला तर मरणारही मीच. मला हा न्याय पटतो.

५ मार्च
बंद इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. म्हणून सुरू करण्याआधी इंजिनाचा पंखा हाताने फिरवत समोरून जाणारी नऊ पाती मोजायची, म्हणजे तीन पात्यांचे तीन फेरे. अडला, तर खालचा प्लग काढून तेल गळू द्यायचं. उलटा मात्र कधीच फिरवायचा नाही. तेल नळीत दडून बसतं, पुन्हा आत ओढलं जातं आणि हवेत असताना पिस्टनचा दांडा मोडतो. डाव्या इंजिनाचा पंखा आज सातव्या पात्याला अडला. प्लग काढल्यावर तेल आलं, मग गढूळ पाणी. कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला, “काय रे इबागेवाल्या, इंजिनाची वेणी घालतोयस का? उलटा फिरव आणि चल.” मी ऐकलं नाही.

८ मार्च
पुन्हा सातवं पातं. पाण्यात वाळू. पंखा अडत नाही, पलीकडून कुणीतरी धरून ठेवतं. दोन्या नोएमींना विचारलं, तर आधी माझ्यावरच चिडल्या. मग म्हणाल्या, हे इंजिन ग्वाव्हियारे नदीतून काढलंय. गेल्या वर्षी कप्तानाचं आधीचं विमान त्यात पडून बुडालं, एलिएसेर नावाचा मेकॅनिक गेला, कप्तान पोहून वाचला. त्या सकाळी कप्तानानेच घाई करून त्याला पंखा उलटा फिरवायला लावला होता. तू ऐकू नकोस रे बाबा, म्हणाल्या.

११ मार्च
उद्या तेल गाळण्यात पाव तास वाया गेला तर तुझी बॅग रस्त्यावर फेकीन, असं कप्तान म्हणाला. मला भीती वाटते. त्याची जास्त की पंख्याची, कळत नाही.

१२ मार्च, सकाळ
अडला. कप्तान घड्याळ बघत उभा. मी — फिरवला उलटा. जोर लावावाच लागला नाही. पलीकडून कुणीतरी माझ्याबरोबर ढकललं. पात्यावर ओला पंजा उमटलाय. माझे हात कोरडे आहेत.

१२ मार्च, विमानात
खाली नदी. डावं इंजिन थरथरतंय. पायाशी वाळू — कप्तान मागे वळला. “एलिएसेर!” असं म्हणाला. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघतोय. रडतोय. म्हणतोय, मी नाही, पंखा यानेच फिरवला, या नव्याने —

दांडा मोडला. ऐकलं मी. शेजारची जागा ओली — पेनवर दुसरा हात, गार — मी थांबलोय आणि पेन लिहि